प्लंबरचा अपघात : औषधोपचाराइतकाच केसपेपरही महत्त्वाचा

गावाच्या कडेला नवी वसाहत उभी राहू लागली की गवंडी आणि सेंट्रिंगवाल्यांच्या पाठोपाठ प्लंबर येतो. मोटारसायकलीला पाइप बांधलेले, पुढे हत्यारांची पिशवी आणि मागे हाताखालचा एक माणूस, असे चित्र आपण रोज पाहतो. आजचा प्लंबर ठेकेदार बहुधा कालचा कामगारच असतो. आठ-दहा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढून त्याने स्वतःची कामे घ्यायला सुरुवात केलेली असते. त्याच्याकडे दोन-चार माणसे रोजावर असतात. हिशेब खिशातल्या डायरीत असतो. कार्यालय नसते, हजेरीपत्रक नसते आणि विमा तर नसतोच.

काम सुरळीत चालू असते तोवर यातले काहीच अडत नाही. एखाद्या दिवशी कामगार तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली येतो, आणि मग दोन घरे एकदम संकटात सापडतात. एक कामगाराचे आणि दुसरे ठेकेदाराचे. कामगाराच्या घरी कमावता हात थांबतो. ठेकेदारावर कायद्याने जी रक्कम देणे येते, ती त्याच्या दोन-तीन वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त असू शकते. हे दोन्ही संसार वाचवण्याची सोय कायद्यात आणि विम्यात आहे. परंतु तिचा लाभ मिळणार की नाही, हे पुष्कळदा अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांतच ठरून जाते. म्हणून आजच्या लेखात आपण या कामातले धोके, अपघातानंतरचे उपचार आणि नुकसानभरपाई यांचा एकत्र विचार करू.

धोके कोठे असतात?

नळाचे काम वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात त्यात चार-पाच प्रकारचे गंभीर धोके असतात.

पहिला धोका उंचीवरून पडण्याचा. गच्चीवरच्या टाकीची जोडणी, इमारतीच्या बाहेरून जाणारे सांडपाण्याचे पाइप, शाफ्टमधील काम या सर्व ठिकाणी माणूस बांबूच्या परांचीवर किंवा शिडीवर उभा असतो आणि त्याचे दोन्ही हात पाइपात गुंतलेले असतात. तोल गेला तर धरायला हात मोकळा नसतो. म्हणून कमरेचा नव्हे, पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा वापरावा आणि त्याची दोरी परांचीच्या बांबूला न बांधता पक्क्या बांधकामाला अडकवावी.

दुसरा धोका विजेचा. भिंत फोडण्याचे ड्रिल मशीन, पाइप कापण्याचा ग्राइंडर, ओली फरशी, ओले हात आणि जोडून लांबवलेली वायर असे सगळे एकाच वेळी जमून येते. अर्थिंग नसेल तर मशीनच्या धातूच्या भागात उतरलेली वीज माणसाच्या शरीरातून जमिनीत जाते. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच बसवलेला एक्स्टेन्शन बोर्ड कामगारांबरोबर कायम असावा. त्याची किंमत एका दिवसाच्या इस्पितळाच्या खर्चापेक्षा कमी पडते.

तिसरा धोका बंद जागेचा. पाण्याची जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, चेंबर आणि विहीर या जागा वरून शांत दिसतात. सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस आत उतरतो आणि क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रात एकाच टाकीत तिघा-चौघांचा मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात, त्यांचे कारण हेच आहे. विहिरीत किंवा तळघरात पेट्रोल वा डिझेलचा पंप चालवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला तर वासही नसतो. बंद टाकीत सॉल्व्हंट सिमेंट किंवा रंग वापरला तर त्याच्या वाफांनीही गुंगी येते.

याशिवाय चर खोदताना कडेची माती ढासळणे, ग्राइंडरच्या चकतीचा तुकडा किंवा ठिणगी डोळ्यांत जाणे, तुंबलेला पाइप मोकळा करायच्या ॲसिडने भाजणे, गंजलेल्या लोखंडाने कापून धनुर्वात होणे, घाण पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस वा कावीळ होणे हे प्रकार आहेतच. जुन्या इमारतीतील ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप कापताना उडणारी धूळ फुप्फुसांत जाऊन कित्येक वर्षांनी आजार निर्माण करते. असे पाइप कोरडे कापू नयेत.

अपघात घडताच काय करावे?

विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देण्याची क्रिया लगेच सुरू करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उंचीवरून पडलेल्याला बसते करू नये, पाणी पाजू नये आणि हातापायाला धरून उचलू नये. पाठीच्या कण्याला मार असेल तर अशा उचलण्याने कायमचा लुळेपणा येऊ शकतो. दरवाजाची फळी किंवा प्लायवूड खाली सरकवून, मान व पाठ सरळ ठेवून चौघांनी मिळून हलवावे.

बोट तुटून पडले असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. डोळ्यांत ॲसिड गेल्यास वाहत्या पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मगच दवाखान्यात न्यावे. टाकीत कोणी बेशुद्ध पडल्यास कितीही जवळचा माणूस असला तरी आत उतरू नये. अग्निशमन दलाला बोलवावे.

केसपेपरवरील पहिली ओळ

एवढे झाल्यावर रुग्ण इस्पितळात पोहोचतो. डॉक्टर विचारतात, "कसे लागले?" येथे एक मोठी चूक घडते. सोबत आलेला माणूस सांगतो, "घरी पाय घसरून पडला." पोलिसांचे झंझट नको, ठेकेदाराला त्रास नको, घरमालकाचे नाव नको, असा त्यामागचा विचार असतो. कधी कधी ठेकेदार खर्च करायला तयार असतो आणि त्याच्याच सांगण्यावरून कामगारही तसे बोलतो. डॉक्टर ऐकलेली हकीकत लिहून ठेवतात.

ती ओळ पुढे कायम पाठ धरते. चार महिन्यांनी पाय बरा होत नाही, ठेकेदाराचे पैसे संपतात, आणि कामगार नुकसानभरपाईचा दावा करायला जातो. तेव्हा समोरच्या वकिलाच्या हातात पहिला कागद तोच असतो: "घरी पडला." अपघात कामावर झाला हे सिद्ध करायचे ओझे मग जखमी माणसावर येते. ठेकेदाराने विमा घेतलेला असला तरी विमा कंपनी हाच कागद दाखवून दावा नाकारू शकते. म्हणजे खोटे सांगून ज्या ठेकेदाराला वाचवायचे होते, त्याचाच विमा निकामी होतो.

यासाठी इस्पितळात स्पष्ट सांगावे: अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणच्या बांधकामावर, अमुक ठेकेदाराकडे काम करत असताना अपघात झाला. डॉक्टरांनी तसेच लिहिले आहे ना, हे वाचून पाहावे. अशा अपघाताची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होते आणि पोलिसांना कळवले जाते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ती नोंद कामगार आणि ठेकेदार या दोघांच्याही उपयोगाची असते.

केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे अहवाल, औषधांची बिले, डिस्चार्ज कार्ड हे सर्व एका पिशवीत जपून ठेवावे. एक्स-रेच्या फिल्म घडी घालू नयेत. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, झेरॉक्स द्याव्यात.

कायदा काय म्हणतो?

कामावर इजा झालेल्या माणसाला भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. जर्मनीत १८८४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १८९७ मध्ये असे कायदे झाले होते, त्यांच्या धर्तीवरच तो होता. पूर्वी तो कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणून ओळखला जाई. २०१० पासून त्याच्या नावात 'कामगार'ऐवजी 'कर्मचारी' हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली. भरपाईची मूळ तत्त्वे मात्र तीच राहिली आहेत.

यातले सर्वात महत्त्वाचे तत्त्व असे की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे पुरेसे असते. कामगार थोडा बेसावध होता म्हणून त्याचा हक्क जात नाही. तो दारूच्या नशेत होता, किंवा सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, तर मालकाला बचाव मिळतो. पण मृत्यू झाला असेल किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हा बचावही चालत नाही.

रोजंदारीवरचा माणूस होता, कायम नव्हता, असे कारण पुष्कळ जण पुढे करतात. नैमित्तिक कामगारांना वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकण्यात आले. तेव्हा दोन दिवसांपूर्वी नाक्यावरून आणलेल्या माणसाचीही जबाबदारी ठेकेदारावर येते.

कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर? नव्या संहितेत याचा स्पष्ट उल्लेख आहे. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरला जातो. जुन्या कायद्याखालीही असाच प्रश्न आपल्या मराठवाड्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाला मंजूर झालेली भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. न्याय मिळाला, पण बावीस वर्षांनी. एका पाठोपाठ तीन कामांवर मोटारसायकलीने फिरणाऱ्या प्लंबरच्या माणसांसाठी हा निकाल मोलाचा आहे.

रक्कम किती होते?

हिशेब तीन गोष्टींवर बसतो: महिन्याचा पगार, वय आणि इजेचे प्रमाण. पगार कितीही असला तरी हिशेबासाठी एक कमाल मर्यादा असते. ३ जानेवारी २०२०च्या अधिसूचनेने ती महिना १५,००० रुपये करण्यात आली. ही मर्यादा केंद्र सरकार अधिसूचनेने बदलते, म्हणून अपघाताच्या तारखेला कोणता आकडा लागू होता ते पाहावे.

समजा, कामगाराचे वय ३० वर्षे आहे आणि हिशेबाचा पगार १५,००० रुपये आहे. कायद्याच्या कोष्टकात ३० वर्षांसाठी २०७.९८ हा गुणांक दिलेला आहे. वय जसे वाढते तसा तो कमी होतो. ४० व्या वर्षी तो १८४.१७ आहे.

मृत्यू झाल्यास पगाराच्या निम्मे, म्हणजे ७,५०० रुपये, गुणिले २०७.९८. ही रक्कम १५,५९,८५० रुपये होते. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पगाराचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, धरतात. त्याचे १८,७१,८२० रुपये होतात.

अपंगत्व अंशतः असेल तर याच रकमेचा ठरावीक टक्का मिळतो. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे टक्के दिले आहेत. पूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के. म्हणजे वरील कामगाराचा अंगठा ग्राइंडरने तुटला तर ५,६१,५४६ रुपये आणि तर्जनी तुटली तर सुमारे २ लाख ६२ हजार रुपये देणे होते.

हाड मोडून काही आठवडे घरी बसावे लागले तर दर पंधरा दिवसांना पगाराच्या २५ टक्के रक्कम द्यावी लागते. १५,००० रुपये पगाराला ती ३,७५० रुपये होते. तीन दिवसांपर्यंतच्या इजेला ही रक्कम नसते. मात्र उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो.

टक्के ठरवताना डॉक्टरांची भूमिका

परिशिष्टात नसलेल्या इजांसाठी, उदाहरणार्थ खुबा किंवा मणका मोडल्यास, कमाईची क्षमता किती गेली हे पात्र डॉक्टरांनी ठरवायचे असते. येथे एक बारकावा आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व या वेगळ्या गोष्टी आहेत. मांडी घालून किंवा उकिडवे बसता येत नाही, हे कारकुनाला फारसे अडवणार नाही. प्लंबरचे सारे काम मात्र बेसिनखाली वाकून आणि शिडीवर चढूनच होते.

१९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओरिसातील एका सुताराच्या प्रकरणात ही गोष्ट फार स्पष्ट केली. सिनेमागृहाच्या कामावरून पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे ते अपंगत्व अंशतः होते. पण सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा त्याची कमाईची क्षमता पूर्ण १०० टक्के गेली, असे न्यायालयाने मानले. भरपाईचे देणे अपघाताच्या तारखेलाच लागू होते, हेही त्याच निकालात सांगितले आहे.

यावरून रुग्णाने धडा घ्यावा. अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेताना आपण नेमके काय काम करतो ते डॉक्टरांना तपशिलाने सांगावे. नुसते 'मजूर' असे लिहून घेऊ नये. उंचीवर चढणे, वजन उचलणे, पाना फिरवणे, वाकून बसणे यांपैकी काय जमत नाही ते प्रमाणपत्रात यावे.

ठेकेदाराने काय समजून घ्यावे?

पुष्कळ ठेकेदार मनाने चांगले असतात. अपघात झाला की इस्पितळाचे बिल भरतात, घरच्यांच्या हातात पन्नास हजार ठेवतात आणि स्टॅम्पपेपरवर "आमची काही तक्रार नाही" असे लिहून घेतात. असा कागद कायद्याने निरर्थक आहे. भरपाईचा हक्क करार करून सोडता येत नाही. मृत्यूच्या बाबतीत तर रक्कम परस्पर वारसांना दिली तरी ती भरपाई म्हणून धरली जात नाही. ती सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. तो अधिकारी वारसांमध्ये वाटप करतो. रक्कम एका महिन्यात भरली नाही तर व्याज लागते, आणि योग्य कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

मोठ्या बिल्डरने नळाचे काम ठेक्याने दिले असेल तर जखमी कामगार बिल्डरकडूनही भरपाई मागू शकतो, कारण ते काम बिल्डरच्याच धंद्याचा भाग असते. बिल्डर ती रक्कम नंतर प्लंबर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. म्हणून जाणते बिल्डर ठेका देण्याआधी विम्याची पॉलिसी मागतात. आपल्या घरचा नळ दुरुस्त करायला प्लंबर बोलावणाऱ्या साध्या घरमालकावर मात्र या कायद्याखालची जबाबदारी सहसा येत नाही. तरीही उघडी वायर किंवा कुजलेली शिडी ठाऊक असून माणसाला चढवणे हा निष्काळजीपणाच ठरतो.

आता विम्याविषयी. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी आणि इतर खाजगी सर्वसाधारण विमा कंपन्या कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी देतात. वर्षभरात किती पगार वाटणार आणि काम कोणत्या प्रकारचे, यावर हप्ता ठरतो. ती घेताना पुढील गोष्टी नीट पाहाव्यात.

सर्व माणसे धरावीत. चार माणसे कामावर आणि पॉलिसीत दोन, असे करू नये. पगार खरा सांगावा. हप्ता वाचवण्यासाठी पगार कमी दाखवला तर दाव्यात तेवढी तूट आपल्याच अंगावर येते. उंचीवरचे काम, खोदकाम असेल तर तसे लिहावे. आपण ज्यांना पोटठेका देतो त्यांची माणसे पॉलिसीत येतात की नाही हे विचारावे. उपचाराचा खर्च आणि कामामुळे होणारे आजार मूळ पॉलिसीत आहेत की जादा हप्त्याने घ्यावे लागतील, तेही विचारावे. उशिरापोटी झालेला दंड विमा कंपनी सर्वसाधारणपणे भरत नाही. अपघात होताच कंपनीला लेखी कळवावे.

पॉलिसीइतकीच हजेरी वही महत्त्वाची आहे. शंभर पानी वहीत रोज नाव, काम, जागा आणि रोज लिहून सही घ्यावी. उचल दिली तर तीही लिहावी. शक्य तर आठवड्याचे पैसे बँक खात्यात द्यावेत.

आणखी एक गोष्ट ठेकेदार विसरतात. ही पॉलिसी त्यांच्या कामगारांसाठी असते. परांचीवर ते स्वतःही चढतात, पण मालक म्हणून त्यांना त्यातून काहीच मिळत नाही. स्वतःसाठी त्यांनी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी.

इतर आधार

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार तीत येतात. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगाराच्या ०.७५ टक्के कपात होते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ही योजना लागू असेल तर कामावरच्या इजेचे लाभ तिच्यातूनच मिळतात, वरील भरपाई वेगळी मिळत नाही.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे प्लंबरही नाव नोंदवू शकतात. वय १८ ते ६० असावे आणि मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. नोंदणी चालू असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास मंडळ वारसाला ५ लाख रुपये देते. प्रमाणपत्र द्यायला ठेकेदाराने टाळाटाळ करू नये.

बँकेतून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वर्षांच्या खातेदारांसाठी आहे. जून २०२२ पासून तिचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. दर वर्षी मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक आहे ना, हे पाहावे.

सेप्टिक टँक साफ करायला सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. गटार वा सेप्टिक टँक साफ करताना मृत्यू झाल्यास वारसांना द्यायची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३च्या निकालात १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पाइप तुंबला म्हणून प्लंबरला "जरा आत उतरून बघ" असे सांगणाऱ्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे.

दाव्याची मुदत

कामगार किंवा वारसाने अपघाताची लेखी सूचना ठेकेदाराला लवकरात लवकर द्यावी आणि तिची पोच ठेवावी. दावा अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो. "बरा झालास की बघू" या आश्वासनावर ही दोन वर्षे निघून जातात. ठेकेदार भला असला आणि पैसे देत असला तरी मुदतीकडे लक्ष ठेवावे. वकील लावण्याची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कामगाराला तेथे मोफत वकील मिळू शकतो. कामगार आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयातही दावा कोठे आणि कसा करायचा याची माहिती मिळते.

अपघात टळावा हे केव्हाही उत्तम. त्यासाठी सुरक्षा पट्टा, चष्मा, हातमोजे, अर्थिंग आणि धनुर्वाताची लस या गोष्टींवर खर्च करावाच. पण एवढी काळजी घेऊनही जो अपघात घडतो, त्यानंतर कामगाराचा संसार कशावर चालणार आणि ठेकेदाराचे घर गहाण पडणार का, याचे उत्तर आधी घेतलेल्या पॉलिसीत, रोज लिहिलेल्या हजेरीत आणि खऱ्या केसपेपरात असते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी ठेकेदाराच्या हातात आहेत. तिसरी जखमी माणसासोबत इस्पितळात जाणाऱ्या कोणाच्याही हातात असू शकते, कदाचित आपल्याही. तेव्हा डॉक्टरांनी "कसे लागले?" असे विचारले की जे घडले तेच सांगावे.